ओस्नाब्रुकचा कारखाना आणि परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचे भवितव्य

अश्वशक्ती (धागाकर्ता)

डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन आणि तिथल्या कामगार संघटनेत समझोता झाला आणि जर्मनीतील कारखाने तातडीने बंद होण्याचे टळले, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. त्याच समझोत्यात २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे, ड्रेस्डेनमधील मोटारींचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे आणि ओस्नाब्रुकला २०२७ च्या उन्हाळ्याअखेरपर्यंतच काम देण्याचेही ठरले. ड्रेस्डेनची काचेची इमारत मुळात दिखाऊ होती. तिच्याबद्दल मला फारसे दुःख नाही. ओस्नाब्रुकची गोष्ट वेगळी आहे.

हा कारखाना मूळचा कारमान या कंपनीचा. कमी संख्येने विकल्या जाणाऱ्या, दोन दारांच्या किंवा छप्पर उघडणाऱ्या गाड्या इतरांसाठी बांधून देणे हाच त्या कंपनीचा व्यवसाय होता. कारमान-घिया आणि पोर्श ९१४ ही त्यातली ठळक नावे. २००९ मध्ये कारमानने दिवाळखोरी जाहीर केली, फोक्सवॅगनने कारखाना ताब्यात घेतला आणि २०१२ पासून पोर्शच्या बॉक्सस्टर व केमन या गाड्या तिथे बनू लागल्या, कारण झुफेनहाउझेनमधील पोर्शच्या स्वतःच्या कारखान्यात ज्या लाइनवर ९११ ही तिची प्रमुख स्पोर्ट्स कार बनते तिथे या दोघींना पुरेशी जागा मिळत नव्हती. त्याआधी, १९९७ ते २०११ या काळात, बॉक्सस्टरचे हेच जादा काम फिनलंडमधील व्हाल्मेट ही कंपनी करत असे.

माझा मुद्दा असा आहे. कारखाना बंद झाल्याची चर्चा आपण नोकऱ्यांच्या आकड्यांत करतो आणि स्पोर्ट्स कार संपल्याची चर्चा विजेच्या गाड्या, प्रदूषणाचे नियम आणि एसयूव्हीची लाट यांच्या संदर्भात करतो. या दोन्हींच्या मधली कडी म्हणजे असे बांधून देणारे कारखाने. वर्षाला दहा-वीस हजारच खपणाऱ्या गाडीसाठी कोणतीही कंपनी स्वतंत्र बॉडी शॉप (सांगाडा जोडणारा विभाग) आणि पेंट शॉप (रंगकामाचा विभाग) उभारणार नाही. तिला आधीच उभी असलेली, लहान तुकड्या घेऊ शकणारी लाइन भाड्याने मिळावी लागते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मॅग्नाच्या कारखान्यात बीएमडब्ल्यू झेड४ आणि टोयोटा सुप्रा या दोन गाड्या एकत्र बनत होत्या, त्यांनाही २०२६ ही मर्यादा घातली गेली. असे कारखाने उरले नाहीत, तर स्पोर्ट्स कार नामशेष होणार नाही, पण ती फक्त अतिश्रीमंतांची वस्तू होईल, असे मला वाटते.

दोनशेएक

आपण कार्य आणि कारण यांची अदलाबदल केली आहे. लाइन रिकामी झाली म्हणून गाडी बंद झाली नाही. गाडी घेणारे घटले म्हणून लाइन रिकामी झाली. ज्या गाडीला गिऱ्हाईक आहे तिला कारखाना नेहमी सापडतो. अमेरिकेतील शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट १९८१ पासून बोलिंग ग्रीन येथील स्वतःच्या कारखान्यात बनते आहे, आणि ती काही अतिश्रीमंतांची गाडी नाही. फेरारीने २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या आणि त्याच वर्षी इटलीतील मारानेल्लोच्या आपल्या कारखान्यात नवी इमारत सुरू केली, जिथे पेट्रोल, हायब्रिड आणि विजेवरच्या अशा तिन्ही प्रकारच्या गाड्या बांधता येतात. हे मरणाऱ्या व्यवसायाचे लक्षण नव्हे. मध्यमवर्गीय ग्राहकाने एसयूव्ही पसंत केली, हे सत्य आपल्याला आवडत नाही म्हणून त्याचा दोष पेंट शॉपवर टाकण्यात अर्थ नाही.

अश्वशक्ती

घटत्या मागणीचे हे स्पष्टीकरण ७१८ ला (म्हणजे आताच्या बॉक्सस्टर-केमनला) लागू पडत नाही. २०२४ मध्ये या गाड्या २३,००० च्या वर विकल्या गेल्या, आणि त्यासुद्धा युरोपीय संघाची बाजारपेठ वर्षाच्या मध्यापासून बंद असताना. ती बंद झाली ती संगणकीय सुरक्षेच्या नव्या नियमामुळे: जुन्या गाडीच्या विद्युत रचनेत ते बदल बसवणे परवडणारे नव्हते आणि तिची जागा विजेवरची ७१८ घेणार असे कंपनीने गृहीत धरले होते. ती विजेवरची गाडी लांबली, जुनीचे उत्पादन २०२५ च्या ऑक्टोबरात संपले, आणि आता पेट्रोलवरच्या वरच्या श्रेणीच्या ७१८ पुन्हा आणण्याचे पोर्श सांगते आहे. गिऱ्हाईक होते, गाडी मात्र नाही, असा मधला काळ कंपनीने स्वतःच्या नियोजनातून निर्माण केला.

चाकणकर

वाहन उद्योगात, उत्पादन नियोजनात काम करत असल्यामुळे दोघांच्याही म्हणण्यात मला एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. कारखाना कुणाच्या मालकीचा, यापेक्षा लाइन किती मिश्र आहे हे महत्त्वाचे असते. मज़दा एमएक्स-५ ही १९८९ पासून टिकलेली गाडी आहे. एप्रिल २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा गाठला. तिच्यासाठी वेगळा कारखाना कधीच नव्हता. हिरोशिमात ती कंपनीच्या इतर गाड्यांच्या मागे-पुढे त्याच लाइनवरून सरकते. एखाद्या महिन्यात मागणी निम्म्यावर आली तर तिच्या जागी दुसरी गाडी सोडायची, एवढाच प्रश्न उरतो. शिफ्ट बंद करावी लागत नाही. अर्थात हे सांगायला सोपे आहे. दोन गाड्यांची लांबी, जोडणीचे बिंदू आणि प्रत्येक ठाण्यावर लागणारा वेळ जुळवायचा, तर गाडीचे आरेखन सुरू असतानाच कारखान्यातल्या माणसाला त्या खोलीत बसवावे लागते, आणि आपल्याकडे (मला वाटते युरोपातही) त्याला अगदी शेवटी बोलावले जाते.

टोयोटाने आणखी निराळी वाट काढली. जपानमधील मोटोमाची येथे वेगवान गाड्यांसाठी असलेल्या तिच्या जीआर कारखान्यात सरकता पट्टाच नाही. जीआर यारिस एका कक्षातून दुसऱ्या कक्षात नेली जाते आणि अनुभवी कामगार तिची जोडणी करतात. त्यामुळे ओस्नाब्रुक गेले म्हणजे सगळे गेले, असे मी म्हणणार नाही. सामान्य गाड्या बनवणाऱ्या कंपनीने मनावर घेतले तर तिच्या पोटात स्पोर्ट्स कार जगू शकते.

ओंटारिओवासी

मी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील ब्रॅम्प्टनच्या जवळ राहतो, म्हणून इथला दाखला देतो. डॉज आणि जीप या नावांची मालक असलेल्या स्टेलांटिसच्या इथल्या कारखान्यात डॉज चॅलेंजर आणि चार्जर बनत. डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. कारखाना जीप कंपास या गाडीसाठी नव्याने सज्ज केला जाणार होता. ते काम फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, अमेरिकी आयातशुल्काच्या सावटाखाली, कंपासच अमेरिकेतील इलिनॉय राज्यात हलवण्याचे जाहीर झाले. सुमारे तीन हजार कामगार वाट पाहत राहिले. नवी चार्जर मात्र जिवंत आहे. ती याच प्रांतातील विंडसरला बनते, प्रथम विजेवर आली आणि तिला थंड प्रतिसाद मिळाल्यावर सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घेऊन आली.

त्याहून जुना दाखला क्विबेकचा आहे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंत-तेरेझ येथील जनरल मोटर्सचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला आणि त्याच्यासोबत शेव्हरोले कॅमॅरोही गेली. सात वर्षांनी कॅमॅरो परतली, पण ओंटारिओतील ओशावामध्ये. पुढे ती मिशिगनमध्ये गेली आणि जानेवारी २०२४ च्या सुमारास पुन्हा थांबली. सेंत-तेरेझच्या त्या जागेवर आता दुकाने आणि घरे आहेत. दोनशेएक यांचे म्हणणे गाडीपुरते खरे आहे: तिला कारखाना सापडतो. कारखान्याला गाडी सापडेलच असे नाही. आपण नेमक्या कशाच्या भवितव्याबद्दल बोलतो आहोत, ते आधी ठरवले पाहिजे.

दोनशेएक

कामगारांविषयीची आपली कळकळ योग्य आहे, परंतु स्पोर्ट्स कार हे रोजगार टिकवण्याचे साधन असूच शकत नाही. ऑस्ट्रेलियाने अनेक वर्षे मोटार उद्योगाला सरकारी पैसा दिला. तरीही फोर्डचा ब्रॉडमेडोजचा कारखाना ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि होल्डनचा एलिझाबेथचा कारखाना ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झालाच. तिथे आठ सिलिंडरच्या दणकट गाड्यांवर जीव टाकणारे लोक भरपूर होते. प्रेमाने कारखाना चालत नाही. त्याला वर्षाकाठी लाखभर गाड्या लागतात.

सावकाश

लाखभर गाड्या नेहमीच लागतात का? फ्रान्समधील दिएप येथील अल्पिनचा, म्हणजे रेनोच्या स्पोर्ट्स कार शाखेचा, कारखाना पाहा. १९९५ मध्ये अल्पिनचे नाव थांबले, तरी रेनोने कारखाना मोडला नाही. क्लिओच्या वेगवान आवृत्त्यांसारखी कामे त्याला दिली. २०१७ मध्ये ए११० ही गाडी आली तेव्हा कामगार, साचे आणि अ‍ॅल्युमिनियम जोडण्याची नवी कला शिकण्याइतकी तयारी तिथे शिल्लक होती. बावीस वर्षे नावाशिवाय काढलेला हा कारखाना लाखभर गाड्यांवर जगला नव्हता.

इंग्लंडमध्ये हेथेलला लोटस या स्पोर्ट्स कार कंपनीनेही हेच केले, म्हणजे इतरांची कामे घेतली. ओपेलची स्पीडस्टर तिथे बनली आणि टेस्लाच्या पहिल्या रोडस्टरचा बहुतेक सांगाडाही तिथेच जोडला गेला. पुढे गीली या चिनी कंपनीच्या मालकीत आल्यावर लोटसने चीनमधील वूहानमध्ये बनणाऱ्या जड विद्युत एसयूव्हीवर भिस्त ठेवली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधील ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. दुसऱ्यांची कामे घेत असताना हेथेल अधिक सुरक्षित होते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे धागाकर्त्यांशी मी बव्हंशी सहमत आहे.

चाकणकर

दिएपचा दाखला चांगला आहे, पण तिथे मालकाकडे बावीस वर्षांचा धीर होता. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. मधल्या काळात ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी झालेला करार बारगळला, कामगारांचा वाद न्यायालयात गेला, आणि ह्युंदाईने २०२३ मध्ये खरेदीचा करार केल्यावर २०२५ मध्ये तिथून नवी व्हेन्यू बाहेर पडू लागली. इमारत वाचली, कारण भारतात लहान एसयूव्हीची मागणी वाढत होती. ओस्नाब्रुकच्या मागे अशी वाढती बाजारपेठ नाही.

अश्वशक्ती

म्हणूनच ओस्नाब्रुकसाठी मोटारींबाहेरचा मालक शोधला जातो आहे. ऱ्हाइनमेटाल या जर्मन शस्त्रास्त्र कंपनीच्या प्रमुखांनी मार्च २०२५ मध्येच हा कारखाना लष्करी उत्पादनासाठी सोयीचा असल्याचे म्हटले होते. कामगारांच्या दृष्टीने तो पर्याय वाईट नाही, आणि त्यांनी तो स्वीकारला तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु छप्पर उघडणाऱ्या गाडीची जलरोधक चाचणी, कापडी छताची जोडणी आणि एकाच लाइनवर दोन कंपन्यांच्या गाड्या चालवण्याची सवय हे सारे चिलखती वाहनांच्या कामात लागत नाही. फोक्सवॅगनची टी-रॉक कॅब्रिओले ही तिथली अखेरची मोटार ठरली, तर पुढच्या पेट्रोल ७१८ ला झुफेनहाउझेनच्या ९११ च्या लाइनवरच जागा मागावी लागेल. त्या लाइनवर ९११ अधिक नफा देते. मग ७१८ च्या वाट्याला किती जागा येईल आणि तिची किंमत काय ठेवली जाईल, याचा अंदाज दोनशेएक यांनीच मांडावा.

दोनशेएक

किंमत वाढेल, हे मान्य. आपण तिला शोकांतिका म्हणता, मी हिशेब म्हणतो. एमएक्स-५ अजून विकली जात आहे. ज्यांना परवडणारी गाडी हवी आहे त्यांनी ती घ्यावी.