तातडीने मदत हवी: कोल्ड स्टोरेजमधला स्प्रिंकलरचा पाईप फुटला

पिंपळगावकर_७७:
आमचं कोल्ड स्टोरेज आहे. परवा रात्री स्प्रिंकलरचा पाईप एल्बोला चिरला, रूममध्ये घोटाभर पाणी. प्लंबर म्हणतो थंडीने फुटला. काहीही! बाहेर ११ डिग्री होतं. सहा वर्षांत असं झालं नाही. जानेवारीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचाय, एजन्सीवाला फोन उचलत नाही. पाईप कोणत्या कंपनीचा घेऊ, लवकर सांगा.

निफाडचा_बागायतदार:
दादा, तुषार पहाटे चालू ठेवा. आम्ही पारा घसरला की विहिरीचं पाणी सोडतो, बांधावर शेकोट्या करतो. मणी तडकत नाहीत.

पिंपळगावकर_७७:
अहो, छताला असतात ते, आगीचे स्प्रिंकलर!

फिटर_सातपूर:
रूमचं टेम्परेचर किती? बाहेरचं नको.

पिंपळगावकर_७७:
शून्य ते एक. द्राक्षाची रूम.

फिटर_सातपूर:
४ डिग्रीच्या खाली पाण्याने भरलेली लाईन ठेवतच नाहीत. नशीब म्हणून टिकली. पण द्राक्षं तर अजून यायचीत, आत काय होतं?

पिंपळगावकर_७७:
मटार. रूम रिकामी होती, नवीन मशीन बसवून मायनस १८ केली. पण माल गेल्या आठवड्यातच गेला, रूम बंद आहे. गार असताना थेंब गळला नाही, गरम झाल्यावर फुटला. सांगा आता!

फिटर_सातपूर:
हे आधी सांगायचं ना राव! पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. मध्ये बर्फाचा डाट बसला की पुढचं पाणी डाट आणि बंद हेड (पाणी उडवणारं तोंड) यांच्यामध्ये कोंडतं. प्रेशर चढून एल्बो तेव्हाच चिरला, फक्त बर्फच बूच होऊन बसला होता. तो परवा वितळला. सोन्याचा पाईप घातला तरी हेच होईल.

गोदाकाठ:
लाईनमध्ये ग्लायकॉल भरा, त्याने पाणी गोठत नाही, विषय संपला. मी चिलरला टाकतो.

फिटर_सातपूर:
चिलरला टाका हो. आगीच्या लाईनीत जास्त ग्लायकॉलचं पाणी हेडमधून उडालं तर तेच पेटू शकतं. त्यात भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे आत फोम.

गोदाकाठ:
मायनस १८ ला कसली आग लागते?

फिटर_सातपूर:
वायरिंग शॉर्ट झाली, वेल्डिंगची ठिणगी पडली की लागते. पफ थर्मामीटर बघून जळत नाही.

पिंपळगावकर_७७:
मग पाण्याऐवजी हवा भरतो. कॉम्प्रेसर पडूनच आहे.

फिटर_सातपूर:
पडून असलेला नको. दमट हवा गेली की आत हिम धरतं, पुन्हा डाट. एअर ड्रायर लागेल, पाणी अडवून धरणारा ड्राय व्हॉल्व्ह गरम खोलीत लागेल, पाईपला ढाळ लागेल. खाली लटकणारे हेडही बदला, त्यांच्यात पाणी साचतं. डिझाईन लायसन्सवाल्याकडूनच. आणि एकच एल्बो चिरलाय असं समजू नका, पूर्ण लाईनची प्रेशर टेस्ट घ्या.

पिंपळगावकर_७७:
द्राक्षं पंधरा दिवसांवर आलीत. कंपनी सांगताय का नाही?

निफाडचा_बागायतदार:
मटार काय भावाने घेतला होता?