मदत हवी आहे: श्रद्धा आणि विज्ञान एकत्र नांदणाऱ्या विज्ञानकथा

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मला विज्ञानकथांवर वीस मिनिटं बोलायचंय. नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' तर घेणारच. मोबियस पट्टीच्या (अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीच्या) पिळातून मूर्तीची सोंड डावीकडून उजवीकडे, मांडवात याहून फिट्ट काय? दुसरी आर्थर क्लार्क यांची 'द स्टार' (१९५५). तिच्यातला खगोलशास्त्रज्ञ जेझुइट पाद्री आहे. येशूच्या जन्मावेळी दिसल्याचं सांगतात तो बेथलेहेमचा तारा म्हणजे एक सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, आणि त्यात एक अख्खी संस्कृती जळून गेली, हे त्याला कळतं. तरी त्याची श्रद्धा मोडली की नाही, हे कथा सांगत नाही.

मला अशाच, अवघड प्रश्न उघडा ठेवणाऱ्या मराठी कथा हव्यात. भोंदूबाबाचं पितळ उघडं पाडणाऱ्या नकोत आणि पुष्पक विमानवाल्या तर मुळीच नकोत (पहिल्या रांगेत आजोबा मंडळी असतात, वाद पेटतो). कुणाला आठवतायत का?