मदत हवी आहे: डांबरगोळ्यांचे पाणी झाले, स्वेटरांवर तेलकट डाग

विणकाम:
कसर लागू नये म्हणून लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत ठेवलेल्या डांबरगोळ्या ओलसर होऊन वितळल्या आहेत आणि दोन स्वेटरांवर तळहाताएवढे तेलकट डाग पडले आहेत. गेली कित्येक वर्षे मी या गोळ्या वापरते, पण असे कधीच घडले नव्हते. परवा हे कपडे लागणार आहेत, तेव्हा डाग कसे काढावेत ते कृपया लवकर सांगावे.

प्रयोगवही:
गोळ्या नॅफ्थलीनच्या आहेत की पॅरा-डायक्लोरोबेंझिनच्या? डांबरगोळ्या हे नाव दोन्हींना चालते. पहिले साधारण 80 अंश सेल्सिअसला वितळते आणि दुसरे 53 अंशांना, त्यामुळे बंद पेटीत यांपैकी कोणतेही एकटे सहसा वितळणार नाही. दोन्ही प्रकार एकत्र ठेवले होते का?

विणकाम:
वेष्टन केव्हाच फेकले. मला डागांबद्दल विचारायचे आहे.

निळीशाई:
ओळखणे सोपे आहे. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून गोळीला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी; ज्योत हिरवी झाली, तर क्लोरीन आहे असे समजावे. आम्ही प्रयोगशाळेत नेहमी हेच करत असू.

प्रयोगवही:
प्रयोगशाळेत धूर ओढून नेणारी सोय असते, घरात नसते, आणि क्लोरीनयुक्त पदार्थ जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे वायू निघतात. कृपया हा प्रयोग घरात कोणी करू नये. त्याऐवजी पेल्याभर पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालून त्यात गोळी सोडावी. नॅफ्थलीन तरंगते आणि पॅरा-डायक्लोरोबेंझिन बुडते, कारण त्याची घनता अशा मिठाच्या पाण्याहूनही जास्त, सुमारे 1.25 असते. साध्या पाण्यात मात्र दोन्ही बुडतात.

बेंझिनवलय:
डायक्लोरोबेंझिनचे, दोन क्लोरीन अणू शेजारी असलेले ऑर्थो रूप खोलीच्या तापमानाला द्रव असते, तर समोरासमोर असलेले पॅरा रूप घन असते, कारण त्याचे सममित रेणू स्फटिकात नीट रचले जातात. याच पॅरा रूपापासून पॉलिफेनिलीन सल्फाइड हे उष्णता सोसणारे प्लास्टिक तयार होते, म्हणून त्याला केवळ कसरीचे औषध समजणे अन्यायाचे आहे.

सुती:
मुळात या गोळ्या हव्यातच कशाला? पॅरा-डायक्लोरोबेंझिन हे मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत गणले जाते. स्वच्छ धुतलेले कपडे हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवले, तरी कसरीच्या अळ्या मरतात.

विणकाम:
मिठाचे पाणी करून पाहिले. दोन गोळ्या तरंगल्या आणि तीन तळाला गेल्या. आता आठवते, मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्यांवरच मी नव्या टाकल्या होत्या. एका स्वेटरची प्लास्टिकची बटणेही चिकट झाली आहेत.

प्रयोगवही:
म्हणजे कारण सापडले. ही दोन द्रव्ये एकमेकांत मिसळली की मिश्रणाचा वितळांक 30 अंशांच्या आसपास उतरतो आणि गोळ्यांचे तेल होते. पॅरा-डायक्लोरोबेंझिन काही प्लास्टिके, विशेषतः पॉलिस्टायरीन, मऊ करते. बटणे बहुधा त्यामुळेच चिकटली असावीत. ही द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून नुसत्या पाण्याने डाग जाणार नाही. कपडे सावलीत, मोकळ्या वाऱ्यात टांगावेत. तेल हळूहळू उडून जाईल. उरलेला डाग ड्राय क्लीनिंगला द्यावा आणि देताना कारण सांगावे. तोवर इस्त्री फिरवू नये, तापलेल्या वाफा नाकात जातात.

निळीशाई:
परवापर्यंत वास जाणार नाही. कपडे कोणाचे आहेत?

विणकाम:
बहिणीच्या तान्ह्या बाळासाठी विणले आहेत. हे आधी सांगायला हवे होते का?

प्रयोगवही:
होय, आधीच. ज्या बाळांत जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात, आणि ही कमतरता आहे की नाही ते बाळाकडे पाहून कळत नाही. हे स्वेटर परवा बाळाला घालू नयेत.

विणकाम:
आत्ताच दोन्ही स्वेटर गच्चीत दोरीवर टांगले. बाळाला दुसरे काही घालू.