"मोअर फ्रेशर फिश" चालतं काय?

पाळोळेकर:
भावाच्या शॅकचा नवा बोर्ड रंगवायला टाकायचाय, पेंटर अक्षरामागे पैसे घेतो म्हणून आधीच नक्की करून द्यायचंय. भावाला "मोअर फ्रेशर फिश, मोअर चीपर रेट्स" पाहिजे, म्हणतो मोअरशिवाय जोर येत नाही. वहिनी म्हणते चूक आहे, गिऱ्हाईक हसेल. पण मग "द फ्रेशर द फिश, द बेटर द करी" ह्यात पण दोन दोनदा येतंच ना, ते कसं काय चालतं?

म्हापशेचो मास्तर:
वहिनी बरोबर. फ्रेशरच्या "-अर" ह्या शेपटीतच मोअर आलं, परत पुढे कशाला? लहान शब्दाला शेपटी लावायची, लांबड्याला मोअर, म्हणजे चीपर पण मोअर एक्सपेन्सिव्ह. जोरच पाहिजे तर "मच फ्रेशर" लिही, "व्हेरी फ्रेशर" मात्र नको. आणि रेट चीप नसतात रे, लो असतात, वस्तू चीप. तेव्हा "लोअर रेट्स". पैसे पण वाचले.

वाचनवेडी_मडगाव:
सर पण शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमध्ये अँटनी सरळ "द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल" म्हणतो की! त्या काळी जोर द्यायला असं डबल लावायचे, कोणाला काही वाटायचं नाही. नंतर 1762 साली रॉबर्ट लाउथने आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात हे अयोग्य ठरवलं, आणि पुढे शाळाशाळांतून तेच घोटवलं गेलं. "लेसर" (lesser) बघा, लेस म्हणजे आधीच "जास्त कमी", त्यालाच परत शेपटी, आणि ते आज बिनधास्त चालतं. पण शेक्सपिअरला चाललं म्हणून शॅकच्या बोर्डावर नको हां.

पाळोळेकर:
बरं, मोअर कटाप. पण ते "द फ्रेशर द फिश"चं कोणीच सांगितलं नाही.

म्हापशेचो मास्तर:
ते वेगळं प्रकरण. "मोअर फ्रेशर"सारख्या चुकीला डबल कंपॅरेटिव्ह, म्हणजे दुहेरी तुलना म्हणतात, आणि काही पुस्तकांत ह्याला पण तेच नाव, तिथूनच सगळा घोळ. आपलं जितकं-तितकं आहे ना, तसं ते, मासळी जितकी ताजी तितकं हुमण बरं. प्रत्येक भागात तुलना एकदाच, म्हणून बरोबर. दोन्हीकडचं "द" ठेवायचं, "इज" गाळलं तरी चालतं, "द मोअर द मेरिअर" त्यातलंच. फक्त तिथे पण "द मोअर फ्रेशर" करू नको.

वाचनवेडी_मडगाव:
मग बोर्डावर तेच टाका ना, मस्त वाटतं.

पाळोळेकर:
पेंटरचा हिशेब बघून भाऊ नाही म्हणतोय, "मच फ्रेशर फिश"वर आलाय.