विम्याच्या बिलांवरून लशीचा त्रास कसा कळतो?

पिल्लूची_आई: आम्ही कॅलिफोर्नियात असतो. लेकीचा पहिला वाढदिवस पुढच्या आठवड्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोवर-गालगुंड-रुबेलाची एक आणि कांजिण्यांची वेगळी टोचू. चारही एकत्र असलेल्या लशीने तापात आकडी येण्याची शक्यता जरा वाढते, हे विम्याच्या नोंदींतून कळलंय. बिलात आकडी कुठे दिसते? सासूबाई म्हणतात, एकच सुई द्या, पोरीला दोनदा कशाला रडवता.

जुना_खतावणीवाला: बारा वर्षं क्लेम चाळतोय, म्हणून लिहितो. बिलावर निदानाचा कोड असतो. तापातल्या साध्या आकडीचा आर५६.००. त्याच मुलाच्या लसनोंदीत तारीख आणि लशीचा प्रकार. दोन्ही जुळवलं की टोचल्यावर कितव्या दिवशी आकडी आली ते निघतं. सीडीसी, म्हणजे अमेरिकी सरकारची रोगनियंत्रण संस्था, १९९० पासून 'व्हॅक्सिन सेफ्टी डेटालिंक'मध्ये हेच करते. विमा आणि दवाखाने दोन्ही चालवणारी कैसर परमनेंटे त्यात आहे. चारांची एकत्र लस २००५ साली आली. २००८ पर्यंत दिसलं, की एक ते दोन वर्षांच्या मुलांत सातव्या ते दहाव्या दिवशी आकड्या जास्त येतात. वेगवेगळ्या टोचण्याच्या तुलनेत साधारण २,३०० डोसांमागे एक जास्तीची. एखाद्या डॉक्टरला हे जन्मात लक्षात आलं नसतं.

पण नुसत्या कोडवर विसंबायचं नाही. 'आकडी होती का, बघा' म्हणून आणलेल्या पोराच्या बिलावरही तोच कोड पडू शकतो. मग कोणीतरी बसून केसपेपर वाचायचे. हे काम कोणाला नको असतं, आलेख मात्र सगळ्यांना हवे.

नाशिककर_सिस्टर: आमच्याकडे ओपीडीचा खर्च बहुतेकांच्या खिशातूनच, विम्यात नोंद कुठली? टोचल्यावर अर्धा तास बसवतो, त्रास झाला तर फॉर्म भरतो. सातव्या दिवशी ताप आला तर आई सांगायला येतेच असं नाही. आशाताईच्या कानावर गेलं तर कळतं.

जुना_खतावणीवाला: सिस्टर, अगदी! शिवाय एक गंमत. तापलेल्या पोराला आपण टोचायला नेत नाही, त्यामुळे लशीच्या लगेच आधीचे दिवस उगाचच निरोगी दिसतात. तुलना त्या दिवसांशी केली तर लस फुकट बदनाम होते.

पिल्लूची_आई: दोन सुया ठरल्या. ताप यायचाच तर याही लशींनी त्याच सुमाराला येतो म्हणे, म्हणून सातवा ते दहावा दिवस कॅलेंडरवर लाल केलाय. सासूबाईंचं परतीचं विमान नेमकं आठव्या दिवशी. त्या तिकीट पुढे ढकलायला निघाल्यात.