शाहूपुरीत मिळालेला जुना रेंजफाइंडर : तोफखान्यात हा नेमका कसा वापरायचे?

उद्यमनगर_लेथ
मंडळी, शाहूपुरीत एका भंगारवाल्याकडं मीटरभर लांबीची काळी जाड नळी मिळाली. दोन्ही टोकांना एकाच बाजूला बघणाऱ्या काचेच्या खिडक्या, मधोमध डोळा लावायची जागा. अंगावर ‘बॅर अँड स्ट्राउड, ग्लासगो’ कोरलंय. आत बघितलं की चित्र आडवं कापल्यासारखं दिसतं, एक चाक फिरवलं की त्यातला एक भाग बाजूला सरकतो. भंगारवाला म्हणतोय तोफेवर बसवून नेम धरायचं यंत्र हाय. तोफखान्यात काम केलेलं कुणी असेल तर सांगा की, हे खरंच तोफेवर बसवत होते का?

निवृत्त_गनर_शिरोळ
भाऊ, नळी विकू नका आणि उघडूही नका. हे नेम धरायचं यंत्र नव्हे, हा रेंजफाइंडर, म्हणजे लक्ष्य किती लांब आहे ते मोजायचं यंत्र. हा तोफेवर कधीच बसत नसे. तिकाटण्यावर ठेवून बॅटरी कमांडरच्या, म्हणजे तोफांच्या तुकडीच्या प्रमुखाच्या, शेजारी एक माणूस याला डोळा लावून असायचा. मी देवळालीला तोफखान्याच्या शाळेत शिकलो तेव्हा आमच्या हाती पुढची साधनं आली होती, पण उस्ताद लोक या जुन्या यंत्राबद्दल फार आदरानं बोलायचे. तेव्हापासून मी याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

याच्या आधी ब्रिटिश तोफखान्यातल्याच वॉटकिन नावाच्या अधिकाऱ्याचं मेकोमीटर हे अंतर मोजायचं साधन होतं. त्याला दोन माणसं लागत, दोघांच्या हातात एकेक उपकरण आणि मध्ये ताणलेली ठरावीक लांबीची दोरी. गोळ्या चालू असताना दोघांनी उघड्या माळावर दोरी ताणून उभं राहायचं, विचार करा. 1888 मध्ये ब्रिटिश युद्धखात्यानं पायदळासाठी अंतरमापक हवा अशी जाहिरात दिली. ती वाचून लीड्सच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक, बॅर आणि स्ट्राउड, कामाला लागले. लष्कराच्या चाचणीत त्यांचं यंत्र नापास झालं. आधी नौदलानं घेतलं, 1892 च्या जहाजावरच्या चाचणीनंतर. जमिनीवरच्या तोफखान्यात ते मागाहून आलं.

यात दोरीचं काम नळीच करते. दोन टोकांतून आलेली दोन चित्रं एकावर एक लावलेली असतात, म्हणून ते कापल्यासारखं दिसतं. चाक फिरवलं की आतला प्रिझम नळीत मागंपुढं सरकतो. वरचा आणि खालचा भाग एका रेषेत आला की पट्टीवरचा आकडा वाचायचा, तो बहुतेक यार्डात असतो. एकच माणूस, काही सेकंदांचं काम. त्याला सरळ उभी कड मात्र पाहिजे. शाहू मिलची चिमणी, देवळाचा कळस, एकटं नारळाचं झाड असलं की झकास. उसाच्या फडावर लावून बघा, शेजारचाच ऊस जुळून बसतो आणि अंतर साफ चुकतं.

आता खरं काम. शत्रू दिसल्यावर धावपळीत मोजायचं हा शेवटचा उपयोग. जागा घेतली की आधी समोरची खूण न् खूण मोजून ठेवायची: पूल, वळण, विहीर, टेकाडाची कड. सगळी अंतरं एका कागदावर. मग त्या वळणावर घोडदळ दिसलं की कमांडर लगेच पल्ला सांगणार. त्या काळी 18 पौंडी तोफ मुख्यतः श्रॅपनेल, म्हणजे आत छोट्या गोळ्या भरलेला गोळा, टाकायची. तो लक्ष्याच्या जरा अलीकडं हवेत फुटायला हवा. गोळा फोडणाऱ्या फ्यूजची वेळ पल्ल्यावरूनच लावायची, त्यामुळं अंतर चुकलं तर तोफेच्या नळीची उंचीही चुकली आणि फ्यूजही.

एवढं करूनही यंत्राचा आकडा हा फक्त पहिल्या फैरीचा आकडा. हवा थंड, वारा समोरून, तोफेची नळी झिजलेली. यातलं काहीच या नळीला दिसत नाही. समजा आकडा 2,850 आला. एक गोळा 2,700 वर, अलीकडं पडला. दुसरा 3,000 वर, पलीकडं. मग मध्ये यायचं. रेंजफाइंडर नसेल तर ही जोडी सापडेपर्यंत कितीतरी गोळे फुकट जातात आणि समोरचा सावध होतो. हे वाचवलं, हीच त्याची कमाई.

फिजिक्स_राजारामपुरी
काकांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. चूक अंतराच्या वर्गानं वाढते. पाया (दोन टोकांच्या खिडक्यांमधलं अंतर) 1 मीटर, दुर्बीण 14 पट आणि डोळ्याची चूक 12 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) धरली तर 2,000 मीटरवर साधारण 17 मीटर, 4,000 वर 66, आणि 6,000 वर 150 मीटरची चूक येते. 18 पौंडी तोफेचा सुरुवातीचा पल्ला सहा हजार मीटरच्या आसपास होता, म्हणजे टोकाला गेलं की हे यंत्र अंधूक होत जातं. जहाजावर कित्येक फूट लांबीचे रेंजफाइंडर का बसवले ते यातच कळतं.

निवृत्त_गनर_शिरोळ
अगदी बरोबर. आणि पहिल्या महायुद्धात खंदक आले, तोफा टेकाडामागं गेल्या. लक्ष्य तोफेवरून दिसतच नाही म्हटल्यावर नकाशा, सर्व्हे, आणि शत्रूच्या तोफेचा आवाज टिपून जागा काढणं यावर काम चालू लागलं. ही नळी मग मशीनगनवाल्यांकडं आणि विमानविरोधी तोफांकडं जास्त दिसू लागली.

उद्यमनगर_लेथ
काका, लई मोलाचं सांगितलंत. आता ही नळी बरोबर मोजते का हे कसं तपासू?

निवृत्त_गनर_शिरोळ
रात्री चंद्राच्या कडेवर लावा. चंद्र एवढा लांब की दोन्ही टोकांत येणारी किरणं समांतरच. चित्र जुळल्यावर पट्टीवर अनंताची खूण आली पाहिजे. दिवसा करायचं तर लाकडी फळीवर नळीच्या पायाइतक्याच अंतरावर दोन उभ्या रेघा मारा, फळी लांब नेऊन नळीला समांतर धरा आणि डाव्या खिडकीनं डावी रेघ, उजवीनं उजवी बघा. तेव्हाही अनंतच दिसायला हवं. पाया तेवढा मिलिमीटरात अचूक घ्या, तुमच्या हातचं काम आहे ते. आणि नळी उन्हात ठेवू नका. एक बाजू तापली की आकडा हलतो, म्हणून मोजायच्या आधी थोडा वेळ सावलीत राहू द्या.