मदत हवी आहे: लंडनच्या कालव्यांवरील थांब्यांचे शुल्क

नमस्कार. आम्ही पतीपत्नी लंडनच्या रीजंट्स कालव्यावर नौकेत राहतो. हक्काचा कायमचा थांबा, म्हणजे नौका बांधून ठेवायची जागा, नसल्यामुळे १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. लिटल व्हेनिससारख्या गजबजलेल्या ठिकाणी तात्पुरत्या थांब्यांवर शुल्क घेतल्यास जागा लवकर मोकळी होते, हे मला पटते. परंतु परवान्याचे पैसे भरूनही रोज वेगळी रक्कम मोजावी लागली, तर नौका हेच ज्यांचे घर आहे त्यांनी कुठे जावे? २०१२पासून कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे मला लेखी म्हणणे मांडायचे आहे. पहिली रात्र मोफत ठेवावी, ही मागणी कायद्याच्या दृष्टीने टिकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.